मधल्या खुर्चीतला पखवाज

आठवीच्या वर्गाला विद्युतचुंबक शिकवताना मी दरवर्षी एक जुना स्पीकर टेबलावर उताणा ठेवत असे. त्याच्या कागदी शंकूत मोहरीचे चार दाणे टाकायचे, त्याच्या तारांना टॉर्चचा सेल क्षणभर टेकवायचा आणि दाणे टुणकन उडाले की वर्गाने हसायचे, असा तो ठरलेला पाठ होता. हसून झाले की मी वहीत उत्तर लिहून घेई: तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते चुंबक बनते आणि शंकू पुढे ढकलला जातो, सेल उलटा लावला तर शंकू मागे ओढला जातो. यातले शेवटचे वाक्य मी अधोरेखित करायला लावत असे. मुलांनी ते इमानाने केले. मी स्वतः मात्र ते कधीतरी विसरले असले पाहिजे.

माझे यजमान चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. मोटारींच्या दरवाज्यांना लागणारे बिजागर आणि पत्र्याच्या पट्ट्या तिथे बनत. पोलादी साचा पत्र्यावर आदळतो, तयार माल खाली पडतो, साचा पुन्हा उचलला जातो. अख्खी शिफ्ट हेच चालू. कानात बोळे घालण्याची सक्ती पुढे आली, पण त्याआधीची बरीच वर्षे उघड्या कानांनी गेली होती. निवृत्तीच्या वेळी कंपनीने कानांची तपासणी केली. तिचा आलेख मी पाहिला. खालच्या स्वरांपाशी रेषा सपाट रस्त्यासारखी चालत होती आणि उंच स्वरांकडे जाताना घाट उतरावा तशी खाली गेली होती.

"उंच पट्टीचं कमी ऐकू येतं म्हणाले डॉक्टर," यजमान कागद फायलीत लावत म्हणाले. "आपल्या घरात उंच पट्टी एक तुझीच. सोयच झाली."

त्यांनी ते हसण्यावारी नेले, म्हणून मीही नेले. खरे तर त्या कानांवर त्यांची एक जुनी उधारी होती. राजगुरुनगरजवळच्या त्यांच्या गावी ते तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवीत. नोकरी लागली, रात्रपाळ्या सुरू झाल्या, मंडळ सुटले. पखवाज भावाच्या घरी माळ्यावर गेला. तेव्हापासून त्यांचे एकच वाक्य मी ऐकत आले: "रिटायर झालो की खुर्ची टाकून नीट ऐकत बसणार." मोबाइलवर ऐकणे त्यांना मान्य नव्हते. "त्यात पखवाज म्हणजे टिचकीएवढा वाजतो," असे ते म्हणत.

म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघे पिंपरीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराला सगळा बाजार चाचा म्हणतो. जुन्या ध्वनियंत्रांची दुरुस्ती आणि विक्री हा त्यांचा व्यवसाय. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत यंत्रे लावलेली, मधल्या बोळात चाचा आणि त्यांचे स्टूल.

वाचकांपैकी ज्यांनी सुट्या यंत्रांची जुळणी केलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. सगळ्या पसाऱ्याचे तीनच भाग असतात: वाचणारा, वाढवणारा आणि बोलणारा. सीडी प्लेयर तबकडी वाचतो, पण त्याचा आवाज शेवटच्या बाकावरच्या लाजऱ्या मुलीसारखा, स्वतःपुरताच असतो. अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो. आणि स्पीकरचे दोन खोके, एक डावा, एक उजवा, तो वर्गाला ऐकवतात. तार नेहमी एकाच्या बाहेरच्या दारातून निघून पुढच्याच्या आतल्या दाराला जाते. हा नियम पाळला की निम्मे काम झाले.

"एक लक्षात ठेवा साहेब," चाचा अ‍ॅम्प्लिफायरची पाठ दाखवत म्हणाले, "हे फोनो लिहिलंय ना, तिथं सीडी लावायची नाय. ते जुन्या रेकॉर्डवाल्यांसाठी. रेकॉर्डचा आवाज मुंगीएवढा, म्हणून इथं त्याला लय फुगवतात. इथं सीडी घुसवली तर मुंगीच्या दारातून हत्ती."

स्पीकरच्या खोक्यांमागची टर्मिनल, म्हणजे तार अडकवायची लाल आणि काळी बोंडे, तुटलेली होती. चाचांनी नवी बोंडे पुडीत बांधून दिली. "लावून घ्याल ना? तुम्ही तर कंपनीवाले."

यजमानांना हे वाक्य म्हणजे पदक मिळाल्यासारखे झाले.

रावेतच्या आमच्या घरातले जेवणाचे टेबल पुढचे दोन दिवस वर्कशॉप होते. यजमानांनी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कापल्या, भोके पाडली, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. प्रत्येक पट्टीवर एक लाल आणि एक काळे बोंड बसवले. उजव्या खोक्याच्या पट्टीवर लाल बोंड उजवीकडे, डाव्या खोक्याच्या पट्टीवर लाल बोंड डावीकडे. दोन्ही खोके शेजारी ठेवले की लाल बोंडे दोन्ही टोकांना आणि काळी मध्ये, अशी ती जोडी फार देखणी दिसत होती. पट्ट्यांवर त्यांनी कंपनीतल्यासारखी चिठ्ठीही चिकटवली: डाव्यावर एलएच, उजव्यावर आरएच. खोक्याच्या आतून दोन-दोन तारा आल्या होत्या. जुन्या होऊन दोन्ही सारख्याच काळवंडलेल्या. त्या जशा समोर आल्या तशा त्यांनी सोल्डरने बोंडांना सरळ डाखल्या आणि स्क्रू आवळले.

"आता तू तपास," त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवले. "ज्यानं केलं त्यानं तपासायचं नसतं."

मी चष्मा लावून यंत्रांमागे वाकले. अ‍ॅम्प्लिफायरच्या लालमधून निघालेली तार स्पीकरच्या लालला, काळ्यातून निघालेली काळ्याला. डावी जोडी डाव्याला, उजवी उजव्याला. सीडी प्लेयरची पांढरी पिन पांढऱ्यात, लाल लालमध्ये, फोनो मोकळे. प्रत्येक जोडापुढे मी बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली. पैकीच्या पैकी.

बसण्याची जागाही मीच आखली. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, असे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत होते. मी टेपने अंतर मोजून फरशीवर खडूने खूण केली आणि वेताची खुर्ची त्या खुणेवर ठेवली. ती खुर्ची त्या क्षणापासून यजमानांची झाली. आमच्या घरात अशा गोष्टी ठराव न होता ठरतात. मी तिच्यावर धुतलेले कपडेसुद्धा ठेवत नसे.

पहिल्या सकाळी त्यांनी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून भजनाची सीडी लावली. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभी. ते दार डाव्या स्पीकरपासून दोन हातांवर आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

गायक सुरू झाला. पखवाज आला. यजमानांनी डोळे मिटले, मग उघडले.

"वाजवणारा डाव्या पुडीला कणीक लावायला विसरला वाटतं," ते म्हणाले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात, त्यामुळे तिथून घुमणारा, खोल 'धूम' निघतो. कणीक नसेल तर ती पुडी नुसती फटफटते.

"छे हो, छान घुमतंय की!" मी म्हणाले.

"तुला धूम ऐकू येतेय?"

"स्पष्ट."

"व्हय?" गावाकडची बोली त्यांच्या तोंडी फक्त राग किंवा धक्का असेल तेव्हाच येते. मी ती ऐकली आणि भाजी ढवळायला गेले.

पुढचा आठवडा ते रोज बसले. आधी आवाज वाढवून पाहिला. मग मान एका बाजूला करून पाहिले. मग कानात तेल घातले, तेव्हाही मला वाटले, थंडीचे दिवस आहेत. दुसऱ्या आठवड्यात ते 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून सकाळीच बाहेर पडू लागले. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या सेटवर जुनी चादर आली. "धूळ फार येते हायवेची," असे कारण मिळाले. खिडक्या बंद होत्या.

त्या शनिवारी संध्याकाळी गॅलरीतून त्यांचा फोनवरचा आवाज आला.

"चाचा, उद्या टेम्पो घेऊन या. सेट परत न्या… न्हाई, सेटला काय झालं न्हाई. सेट एक नंबर हाय. ऐकणाराच गेलाय."

मी चहा दोन कपांत ओतला आणि गॅलरीत जाऊन बसले.

"अहो, कोण गेलाय?"

ते समोरच्या इमारतीकडे बघत म्हणाले, "बाई, तू म्हणालीस तो आलेखातला घाट आता खालपर्यंत उतरला." मला ते लाडात आले की आणि हरले की बाई म्हणतात. "गाणाऱ्याचा आवाज कुठून येतो तेच मला कळत नाही. मधेच डोक्यामागून येतो, मधेच भिंतीतून. पखवाज तर पत्र्याचा डबा झालाय. आणि तुला सगळं स्पष्ट. मग बिघाड कुठं आहे ते तूच सांग."

"तीन आठवडे बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर ठेवलंय आणि मला ऐकू येत नाही, हे? तू लगेच पट्टी घेऊन माझे कान मोजले असतेस."

मोजलेच असते. पण माझ्या 'स्पष्ट' या एका शब्दावरून त्यांनी स्वतःच्या कानांचा निकाल लावला होता, हे कळल्यावर मला चहा गोड लागेना. मी उठून फाईल आणली. आलेख दिव्याखाली धरला. उंच स्वरांकडे घाट होता, तो होताच. पण खालच्या स्वरांपाशी रेषा सपाट होती. पखवाजाची धूम खालच्या स्वरांत असते. आवाज गेलाच असता तर आधी टाळाचा जायला हवा. धूम कशी गेली? विधान आणि निरीक्षण जुळत नसेल तर निरीक्षण पुन्हा घ्यावे, असे मी मुलांना सांगत आले. इथे तर मी एकदाही नीट निरीक्षण घेतलेले नव्हते.

रविवारी सकाळी यजमान दाढी करत असताना मी चादर काढली, तीच सीडी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वेताच्या खुर्चीत बसले.

गायकाचा आवाज आला, पण गायक आला नाही. तो खोलीभर पसरला होता, कुठेच उभा नव्हता. आणि पखवाज? पत्र्याचा डबा.

"अहो!" मी ओरडले. "मलाही येत नाही!"

अर्ध्या गालावर साबण घेऊन ते धावत आले. "काय येत नाही?"

"धूम! अजिबात येत नाही!"

"मग हसतेस कशाला?"

"बसा इथे. नाही, आधी मी. नाही, तुम्ही बसा."

ऐकू न आल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी होईलसे वाटत नाही. त्यांना मात्र तो लगेच समजला नाही. ते साबण निथळत उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "म्हणजे कान न्हाई?"

"कान नाही. एकावेळी एकच गोष्ट बदलून पाहू या."

अ‍ॅम्प्लिफायरवर बॅलन्सची खुंटी असते. ती एका टोकाला फिरवली की एकच स्पीकर वाजतो. मी फक्त डावा लावला. धूम आली, घरातली भांडी हलतील अशी. फक्त उजवा लावला. तीही धूम उत्तम. खुंटी मध्ये आणली, दोन्ही लागले आणि धूम नाहीशी झाली.

एवढ्यात बेल वाजली. दारात चाचा. टेम्पो खाली उभा होता.

"चाचा, बसा," मी म्हणाले. "दोघे एकेकटे वाजवले की उत्तम वाजतात. एकत्र वाजवले की बिघडतात. सांगा."

चाचांनी चपला काढता काढता यजमानांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ताई, हे मशीनचं बोलताय ना?"

यजमान साबणासकट हसले. तीन आठवड्यांनी मी ते हसू पाहिले.

"सेल आणा कोणीतरी," चाचा म्हणाले. "फेज बघू, म्हणजे दोन्ही शंकू एकाच बाजूला हलतात का ते." त्यांनी सेल म्हटले आणि माझ्या डोळ्यांपुढे मोहरीचे दाणे उडाले. चौतीस वर्षे जो प्रयोग मी वर्गात केला, तो घरात करायचे मला सुचले नव्हते! घरात टॉर्च सापडेना, म्हणून भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. सेट बंद करून मी अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला स्पीकरच्या तारा सोडवल्या. चाचांनी खोक्यांपुढचे कापड उतरवले. तिघे फरशीवर बसलो.

उजव्याच्या लाल तारेला सेलचे डोके, काळीला बूड, क्षणभर. शंकू पुढे आला.

डाव्याला तसेच. शंकू मागे गेला.

"पुन्हा," यजमान म्हणाले. पुन्हा केले. मागे गेला.

असे का बिघडते, ते सोपे आहे. दोन्ही शंकू एकाच वेळी पुढे आले तर दोघे मिळून हवा ढकलतात. एक पुढे येताना दुसरा मागे गेला तर एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. खालच्या, घुमणाऱ्या आवाजांचे यात सर्वांत जास्त नुकसान होते. आणि ते नुकसान मधल्या खुर्चीत बसणाऱ्याला सर्वांत जास्त कळते. दाराशी उभी राहून एकाच खोक्याजवळ ऐकणारी बाई मात्र 'स्पष्ट' म्हणून मोकळी होते.

"पण लाल लाललाच आहे," मी म्हणाले. "मी सही केली आहे."

यजमानांनी डावा खोका फिरवला आणि आपल्या देखण्या पट्टीकडे पाहत राहिले. मग कपाळाला हात लावला. साबण कपाळाला लागला.

"आरसा केला मी," ते म्हणाले.

"काय केला?"

"आरसा! एलएच, आरएच! दरवाज्याचा डावा बिजागर म्हणजे उजव्याचा आरसा. डावं-उजवं म्हटलं की तीस वर्षं हात उलटाच चालला. पट्टी मी उलटी केली आणि धरून चाललो की बनवणाऱ्यानं आतल्या तारापण उलट्या सोडल्या असतील."

चाचांनी डोळे मोठे केले. "अहो साहेब, हे दरवाजे नायत. दोन्ही खोके एका साच्यातून निघतात. आतून डिट्टो."

"ते आता कळलं, चाचा."

"मी तर हे पहिल्यांदाच बघतोय. लोक तार उलटी लावतात, ते नेहमीचंच. पण इतकी सफाईदार उलटी कोणी लावली नव्हती."

मी सुचवले की डाव्या स्पीकरच्या दोन तारा अ‍ॅम्प्लिफायरपाशी अदलाबदल केल्या तरी काम होईल, दोन मिनिटांत. यजमानांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी एखाद्या मुलाला शेजाऱ्याची वही बघून लिहायला सांगितले असावे. "लाल काळ्याला? आणि पुढच्यानं उघडलं तर काय समजायचं?" त्यांनी पट्टी उघडली, आतल्या तारा सोडवल्या, जागा बदलून पुन्हा डाखल्या. चिठ्ठी काढून फेकली. चाचा तोवर चहा पीत राहिले. खालून टेम्पोवाल्याचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा चाचांनी भिंतीवर पाहून सांगितले, "अरे थांब भावा, दहा वीसच झालेत." घड्याळाचा सेल माझ्या हातात होता, हे आम्हा तिघांच्याही लक्षात आले नाही.

काम संपल्यावर यजमानांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला कंपनीतल्यासारखे कारण लिहून काढले. बिघाड आला की एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचे, असा तिथला नियम. धूम येत नाही, का? शंकू उलट हलतात. का? आतल्या तारा उलट. का? पट्टी उलट. का? खोक्याला दरवाजा समजलो. पाचव्या 'का'पुढे त्यांनी लिहिले: 'कारण बाईंनी तपासून सही केली.'

"हे खाली काय लिहिलंत?"

"मूळ कारण," ते म्हणाले आणि उरलेली अर्धी दाढी करायला गेले.

मग ते खुर्चीत बसले. मी सीडी लावली आणि या वेळी दारात न थांबता खुर्चीच्या मागे उभी राहिले. गायकाने पहिला स्वर लावला, आणि तो होता. दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये, जिथे नुसती भिंत आणि कॅलेंडरचा खिळा आहे, तिथे. यजमानांनी बोट उचलून ती जागा दाखवली. "इथं बसलाय बघ." मग पखवाज आला, कणीक लावलेला. त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप पडू लागला, पंजा पूर्ण उघडा. इतकी वर्षे तो हात कुठे ठेवला होता, कोण जाणे.

"म्हणजे सेट न्यायचा नाय," चाचा म्हणाले.

"न्हाई," यजमान डोळे न उघडता म्हणाले.

"टेम्पो फुकट आणला मी."

"मग बसा. पुढचं भजन ऐका."

पुढच्या भजनात टाळ होते. बारीक, काचेसारखे. मला ते स्वच्छ ऐकू येत होते. यजमानांच्या चेहऱ्यावर त्यांची काहीही खूण नव्हती. आलेखातला घाट खराच होता. तो कोणत्याही तारेने दुरुस्त होणार नव्हता, आणि हे त्यांनाही तेव्हा कळत होते. त्यांनी मान मागे करून मला विचारले, "टाळ आहेत ना यात? गावाकडे या भजनाला टाळ असायचे."

"आहेत."

"कधी?"

मी त्यांच्या खांद्यावर दोन बोटांनी ठेका धरला. जिथे टाळ, तिथे टिचकी. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात त्या टिचक्यांना बरोबर गाठू लागला. चाचा चहाचा कप हातात धरून तसेच बसले होते, पिणे विसरून.

आता आमच्याकडे रोज सकाळी हे असेच चालते. माझ्यासाठी दुसरी खुर्ची आली आहे. ती समभुज त्रिकोणात बसत नाही, त्यामुळे मला गायक थोडा उजवीकडे ऐकू येतो. पण त्यांच्या खांद्यापर्यंत माझा हात पोचतो. घड्याळात सेल घालायचे आम्हाला चार दिवसांनी आठवले. तोवर त्या घरात दहा वाजून वीस मिनिटेच झाली होती.